हात सोडणाऱ्या आया

संध्याकाळी घाटकोपरच्या पुलावर मेट्रोची आणि लोकलची गर्दी एकमेकींत मिसळते, तेव्हा जवळपास प्रत्येक आईच्या तोंडी एकच वाक्य असतं, "हात सोडू नकोस हं!" लेकराच्या मनगटावर तिची बोटं रुतलेली असतात. मुंबईच्या याच उपनगरांत, वांद्र्याला, एप्रिल १९४२ मध्ये दीडशेहून अधिक पोलिश मुलं येऊन उतरली. यातल्या काही मुलांचे आईबाप वाटेत गेले होते आणि काहींचे हात आयांनी आपणहून सोडले होते. लेकरू जगावं म्हणून.

हे कसं घडलं, ते समजून घेताना अंगावर काटा येतो.

सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडवर पश्चिमेकडून हिटलर आणि पूर्वेकडून स्टालिन चालून आला. १० फेब्रुवारी १९४० रोजी, कडाक्याच्या थंडीत, सोव्हिएत सैनिकांनी घरं रिकामी करायला सुरुवात केली. मालगाडीच्या डब्यांत कोंबलेली कुटुंबं सायबेरियात, उत्तर रशियातल्या जंगलांत आणि पुढे कझाकस्तानात पोचली. तिथल्या श्रमवसाहतींत सगळं जगणं पावाच्या तराजूवर तोललेलं होतं. जो काम करणार नाही, तो खाणार नाही, हे तत्त्व सोव्हिएत राज्यघटनेतच लिहिलेलं होतं. ठरलेली लाकडं तोडली तर पूर्ण पाव, कमी तोडली तर कमी. लहान मुलांच्या वाट्याला त्याहून थोडा.

आता हे गणित आईच्या बाजूनं मांडून पाहा. तिनं आपल्या पावातला तुकडा पोराला दिला, तर उद्या कुऱ्हाड उचलायचं बळ तिच्यात राहत नाही. काम कमी पडलं की पाव आणखी घटतो आणि मग देण्यासारखा तुकडाच उरत नाही. आणि सगळा पाव तिनंच खाल्ला, तर डोळ्यांदेखत पोर सुकत जातं. बरोबर उत्तरच नसलेलं हे गणित तिला रोज सोडवावं लागे.

जर्मनीनं रशियावर हल्ला केला आणि जुलै १९४१ च्या सोव्हिएत-पोलिश करारानं या लोकांची सुटका झाली. जनरल आंदर्स यांची पोलिश फौज उभी राहत होती, तिच्या दिशेनं हजारो हाडाचे सापळे दक्षिणेकडे उझबेकिस्तानात निघाले. तिथे टायफसची साथ होती. अनाथ मुलांसाठी मात्र पोलिश अनाथालयं निघाली होती. तिथे थोडं अन्न होतं आणि देशाबाहेर पडायची वाट होती. पण आई जिवंत असलेलं मूल अनाथ कसं म्हणवणार? म्हणून कित्येक आयांनी लेकरांना पढवलं, कुणी विचारलं तर सांग, आई नाही. मग त्यांना दारापाशी नेऊन त्या मागे फिरल्या.

पोलंडची लाडकी गायिका हांका ऑर्दोनुव्हना स्वतः अटकेतून सुटलेली होती. लॉऱ्यांतून इराण ओलांडून क्वेट्यामार्गे मुंबईला आलेल्या मुलांच्या पहिल्या तांड्याबरोबर तीही आली. पुढे वेरोनिका हॉर्ट या नावानं तिनं या भटक्या मुलांवर पुस्तक लिहिलं.

सुटका झाली म्हणजे जीव वाचला, असंही नव्हतं. दुसऱ्या वाटेनं, कास्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात पोचलेल्यांपैकी अनेक जण पोटभर, तुपकट जेवणानंतर दगावले. उपाशी शरीर चरबी जाळून, काटकसरीनं चालत असतं. एकाएकी भरपूर अन्न मिळालं की इन्सुलिन उसळतं, रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम पेशींत खेचलं जातं, आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. ज्या घासासाठी दोन वर्षं तळमळ केली, तोही बेतानंच द्यावा लागतो.

वांद्र्याच्या दमट, उबदार हवेत मुलांनी काही महिने काढले. जुलै १९४२ मध्ये ती जामनगरजवळ बालाचडीला गेली. तिथले संस्थानिक जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी त्यांना आपली मुलं म्हटलं. १९४३ पासून कोल्हापूरजवळ वळिवड्याला सुमारे ५,००० पोलिश माणसांचं गावच वसलं, त्यात बहुतेक बायका आणि मुलं. १९४८ मध्ये ते रिकामं झालं आणि तिथेच सिंधी निर्वासितांचं गांधीनगर उभं राहिलं. एकांची निवाऱ्याची जागा दुसऱ्या बेघरांना मिळाली.

त्या मुलांनी म्हातारपणी आठवणी लिहिल्या. आईनं आपल्याला टाकलं की वाचवलं, हे कळायला त्यांतल्या काहींना किती वर्षं लागली असतील! वांद्र्याच्या किनाऱ्यावर कुणी मायेनं एखाद्याला विचारलंही असेल, "बाळा, तुझी आई कुठंय?" आणि त्यानं पढवलेलं उत्तर दिलं असेल, "नाही." त्याच एका शब्दावर तो तिथवर पोचला होता. तो शब्द त्याला आईनंच दिला होता.