नाथसागरातली गाळपेर

पैठणजवळ गोदावरीवरचे जायकवाडी धरण १९७६ मध्ये पूर्ण झाले. शंभराहून अधिक गावांना त्याची झळ बसली. १९८६ मध्ये या धरणाच्या जलाशयाचा, म्हणजे नाथसागराचा, सुमारे ३४१ चौरस किलोमीटरचा परिसर पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. जलाशय उथळ, बशीसारखा. हिवाळ्यापासून पाणी ओसरते, तसा काठचा सुपीक गाळ उघडा पडतो आणि शेतकरी त्यात गहू, हरभरा, चारा पेरतात; हीच गाळपेर. रोहित पक्ष्यांना नेमका तोच उथळ चिखल लागतो. पट्टकादंब काठच्या हिरवळीवर चरतात. तरी धरणात जमीन गमावलेल्यांना इथून हुसकावणे अन्यायाचेच. पण गाळपेरीत कीटकनाशके मात्र नकोतच: छत्रपती संभाजीनगर हेच पाणी पिते.