शब्बाथला आग न ओकणारी तिळा

आपल्या घरातली बारा-पंधरा वर्षांची मुलं कॉम्प्युटरवर तासन्‌तास काय करतात, हा प्रश्न बऱ्याच आजी-आजोबांना पडतो. त्यातली काही मुलं ‘ओसी’ बनवत असतात. ओसी म्हणजे ओरिजिनल कॅरेक्टर, स्वतःचं पात्र. पुस्तकाचं किंवा मालिकेचं जग दुसऱ्याचं, पण त्यात वावरणारं एक पात्र आपलं. त्याचं नाव, रंग, आईबाप, स्वभाव सगळं ठरवायचं, चित्र काढायचं, गोष्ट लिहायची आणि इंटरनेटवर इतर चाहत्यांना दाखवायची. मग एकाच्या पात्राची दुसऱ्याच्या पात्राशी मैत्री होते, भांडणंही होतात.

हा प्रकार इंटरनेटच्या आधीचा आहे. १९६७ साली अमेरिकेत ‘स्टार ट्रेक’च्या चाहत्यांनी ‘स्पॉकनेलिया’ नावाचा हौशी अंक काढला होता. १९७३ साली पॉला स्मिथ यांनी ‘मेरी सू’ नावाच्या अतिहुशार मुलीची थट्टा करणारी छोटी गोष्ट लिहिली. तेव्हापासून नको तितक्या गुणी पात्राला मेरी सू म्हणतात.

आपल्याला तर याचं नवल वाटायलाच नको. नोहाच्या बायकोचं नाव तोरात नाही, मिद्राशात ती नामा आहे. अब्राहामाच्या आईचं नावही तोरात नाही, तल्मूदमध्ये ते अमथलाई असं दिलं आहे. अब्राहामाने बापाच्या मूर्ती फोडल्या ही गोष्ट आपण लहानपणी ऐकली, पण ती तोरात शोधून सापडणार नाही, तीही मिद्राशातली. पुढे १८८० च्या सुमारास मुंबईत आपल्या लोकांनी कीर्तनं सुरू केली आणि अब्राहाम मराठीत बोलू लागला. पवित्र ग्रंथ आणि मुलांचा खेळ एका पारड्यात घालू नये हे खरं, पण रिकामी जागा दिसली की ती भरायची ओढ माणसाला जुनीच आहे.

माझ्या चौदा वर्षांच्या नातीला ‘विंग्ज ऑफ फायर’ ही ड्रॅगनची पुस्तकं आवडतात. तिच्या ड्रॅगनचं नाव तिळा. रंग तिळासारखा, बाप घाण्यावर तेल काढतो, आणि शब्बाथला ती आग ओकत नाही. शत्रू नेमका शनिवारी येतो, तेव्हा तिळाला अक्कल चालवावी लागते. शनिवार तेली ही आपली कोकणातली ओळख मी तिला कधीतरी सांगितली होती. ती तिने अशी कामाला लावली.

मग एका अनोळखी मुलीने तिळाचं चित्र गिरवून, रंग बदलून स्वतःच्या नावाने लावलं. नात कोणाला काही बोलली नाही. जेवणाचं ताट परत आलं की काहीतरी बिनसलंय हे ओळखायची वॉर्डातली सवय माझी अजून गेलेली नाही, म्हणून विचारलं. ती म्हणाली, “आई म्हणेल, एका चित्रासाठी काय रडतेस!” आम्ही दोघींनी बसून चार सभ्य ओळी लिहिल्या आणि तारखा घातलेली तिची जुनी चित्रं जोडली. दोन दिवसांत ते चित्र काढलं गेलं.

या मुलांचे नियम चांगले आहेत. दुसऱ्याचं पात्र आपल्या गोष्टीत घ्यायचं तर आधी विचारायचं, मूळ कोणाचं ते लिहायचं, चित्र गिरवायचं नाही. ऑस्ट्रेलियात काढलेल्या चित्राला आणि लिहिलेल्या गोष्टीला कॉपीराइट आपोआप मिळतो, नोंदणी लागत नाही. नुसत्या कल्पनेला मात्र तो नसतो. म्हणून कागदावर तारीख घालायची सवय लावावी.

काळजीही घ्यायला हवी. १० डिसेंबर २०२५ पासून इथे सोळा वर्षांखालच्या मुलांना इन्स्टाग्राम, टिकटॉक, यूट्यूब अशा ठिकाणी खातं ठेवू न देण्याची जबाबदारी त्या कंपन्यांवर आहे. पण प्रत्येक जागा या कायद्यात बसत नाही. पात्राला नाव द्यावं, स्वतःचं नाव, शाळा, पत्ता देऊ नये. कोणी एकांतात गप्पा मारायला बोलावलं तर घरी सांगावं.

आजी-आजोबांना माझी एकच विनंती आहे. “वेळ फुकट घालवतोस” म्हणण्याआधी पात्राचं नाव विचारा. नवगावच्या किनाऱ्यावर सात पुरुष आणि सात बायका वाचल्या असं आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगतो, पण त्या सातांपैकी एकीचंही नाव आपल्याला ठाऊक नाही. नातीला मी ते सांगून ठेवलंय. तिने वही काढली आहे.