अमेरिकेत नंबर विचारतात, जर्मनीत पत्ता! ओळखीच्या कागदांमधला हा फरक आला कुठून?

पुण्यातून दोन जण नोकरीसाठी परदेशात गेले. एक अमेरिकेला, दुसरा जर्मनीला. पहिल्या पंधरा दिवसांत दोघांचीही कागदपत्रांसाठी धावपळ सुरू होते, पण कागद मात्र वेगळे असतात. अमेरिकेतला माणूस नऊ आकडी सोशल सिक्युरिटी नंबरची वाट बघत असतो. जर्मनीतला माणूस घरमालकाच्या सहीचा कागद घेऊन स्थानिक नागरिक कार्यालयाची अपॉइंटमेंट शोधत असतो.

दोन्ही देश श्रीमंत आणि दोन्हीकडे सगळं नियमाने चालतं. तरी 'तुम्ही कोण?' या साध्या प्रश्नाचं उत्तर दोन्हीकडे वेगळ्या ठिकाणी का सापडतं?

अमेरिकेत राष्ट्रीय ओळखपत्र का नाही?

अमेरिकेत आपल्या आधारसारखं देशभर चालणारं ओळखपत्र नाही. वॉशिंग्टनमधल्या सरकारकडे सगळ्या नागरिकांची यादी असावी, ही कल्पनाच तिथे अनेकांना पटत नाही. रोजच्या कामांसाठी लोक ड्रायव्हिंग लायसन्स दाखवतात आणि ते प्रत्येक राज्य आपापलं देतं. गाडी न चालवणाऱ्यांना राज्याकडून वेगळं ओळखपत्र मिळतं.

मग सोशल सिक्युरिटी नंबर काय आहे? १९३५ साली अमेरिकेत वृद्धांना पेन्शन देण्याचा कायदा झाला. कोणी किती कमावलं याची नोंद ठेवायला १९३६ पासून नंबर वाटले गेले. काम तेवढंच होतं. १९४६ पासून तर कार्डावर 'ओळखीसाठी नाही' अशा अर्थाची सूचनाही छापली जायची. १९७२ मध्ये ती सूचना काढून टाकली गेली. पुढे टॅक्स, बँक, नोकरी, कर्ज अशा सगळ्या ठिकाणी हाच नंबर लागू लागला. पेन्शनचा खातेक्रमांक असा आपसूक ओळखीचा क्रमांक बनला.

११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर राज्यांच्या लायसन्सना एकसारखे नियम लावणारा 'रिअल आयडी' कायदा २००५ मध्ये झाला. विमानतळांवर त्याची अंमलबजावणी मात्र पुन्हा पुन्हा पुढे ढकलली गेली आणि अखेर ७ मे २०२५ ला सुरू झाली. म्हणजे तब्बल २० वर्षांनी!

सरकारची यादी नको, पण कंपन्यांची चालते?

सरकारकडे यादी नसली तरी बाजाराकडे आहे. इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि ट्रान्सयुनियन या तीन खासगी कंपन्या कोणी किती कर्ज घेतलं आणि वेळेवर फेडलं का, याची नोंद ठेवतात. त्यावरून स्कोअर ठरतो. १९८९ पासून वापरात असलेला फायको स्कोअर साधारण ३०० ते ८५० च्या दरम्यान असतो. घर भाड्याने घेताना, गाडीचं कर्ज घेताना तो बघितला जातो.

इथेच नव्याने गेलेल्यांची अडचण होते. भारतातला उत्तम सिबिल स्कोअर तिकडे आपोआप जात नाही. गंमत म्हणजे सिबिल ज्या ट्रान्सयुनियनच्या मालकीची आहे, ती या तिघांपैकीच एक!

जोडीदारासोबत एच-४ व्हिसावर गेलेल्यांचं चित्र आणखी अवघड असतं. काम करण्याचा परवाना नसेल तर त्यांना सोशल सिक्युरिटी नंबर मिळत नाही. टॅक्स भरण्यासाठी वेगळा नंबर मिळतो, पण स्वतःच्या नावावर आर्थिक ओळख उभी करणं कठीण होतं. इथे हातात पदवी आणि नोकरीचा अनुभव असलेली बाई तिथल्या कागदांवर जोडीदाराच्या नावाआड जाते.

या व्यवस्थेचा दुसरा धोका २०१७ मध्ये दिसला. इक्विफॅक्सच्या यंत्रणेतून सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती चोरीला गेली. त्यात सोशल सिक्युरिटी नंबरही होते. यातल्या बहुतेकांनी आपली माहिती या कंपनीला स्वतःहून दिलीच नव्हती. पासवर्ड बदलता येतो, हा नंबर सहजासहजी बदलून मिळत नाही.

जर्मनीत सगळं पत्त्यापासून का सुरू होतं?

जर्मनीत नवीन घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंद करावी लागते. हा नियम जर्मन नागरिकांनाही आहे. 'ही व्यक्ती इथे राहायला आली आहे' असं घरमालकाचं लेखी पत्र त्यासाठी लागतं. नोंद झाली की ११ आकडी टॅक्स क्रमांक पोस्टाने घरी येतो. तो मालकाला दिला नाही, तर पगारातून सर्वात जड वर्गाप्रमाणे टॅक्स कापला जातो.

याचा फायदाही आहे. निवडणूक आली की जर्मन नागरिकाला मतदानाचं पत्र घरी येतं, वेगळी नोंदणी लागत नाही. अमेरिकेत नॉर्थ डकोटा सोडून सगळीकडे मतदार नोंदणी असते आणि पत्ता बदलला की ती नीट आहे का, हे मतदारालाच बघावं लागतं.

पण बर्लिनसारख्या शहरात घर मिळणं मुश्कील. काही जण तात्पुरती खोली देतात, पण नोंदणीचं पत्र देत नाहीत. पत्र नाही म्हणजे नोंद नाही, आणि नोंद नाही म्हणजे पुढची कामं अडतात. अशा वेळी एक कायदा उपयोगी पडतो. युरोपीय संघात कायदेशीर राहणाऱ्या प्रत्येकाला, कायमचा पत्ता नसला तरी, साधं बँक खातं मिळण्याचा हक्क २०१६ पासून आहे.

अर्थात सगळा युरोप सारखा नाही. स्वीडनने १९४७ मध्येच प्रत्येकाला व्यक्तिगत क्रमांक दिला. ब्रिटनने मात्र युद्धकाळातली ओळखपत्रं १९५२ मध्ये बंद केली आणि २००६ चा ओळखपत्र कायदा २०१० मध्ये रद्द केला. जर्मनीतही शुफा नावाची खासगी क्रेडिट कंपनी आहे आणि घरमालक तिचा दाखला मागतात.

युरोपीय लोकांना सरकारी यादीची भीती वाटत नाही?

वाटते, आणि त्यामागे मोठा इतिहास आहे. नाझींच्या ताब्यातल्या नेदरलँड्समध्ये ज्यूंना शोधायला हीच लोकसंख्येची दप्तरं वापरली गेली. म्हणून २७ मार्च १९४३ ला तिथल्या क्रांतिकारकांनी ॲमस्टरडॅमचं नोंदणी कार्यालयच पेटवलं.

युद्धानंतर याद्या राहिल्या, पण त्या कोणी कशासाठी वापरायच्या यावर बंधनं आली. आपल्या माहितीचं काय होणार हे ठरवण्याचा हक्क व्यक्तीचा आहे, असं जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने १९८३ मध्ये सांगितलं. २०१८ मध्ये संपूर्ण युरोपीय संघात जीडीपीआर कायदा लागू झाला. अमेरिकेत सगळ्या क्षेत्रांना लागू असा एकच केंद्रीय कायदा अजून नाही.

पैसे देतानाही हाच फरक

डेन्मार्कच्या बँकांनी २०१७ पासून चेक वटवणं बंद केलं. अमेरिकेत आजही अनेक जण घरभाडं चेकने देतात. तिथे चार हजारांहून जास्त बँका आहेत. २०२३ मध्ये सुरू झालेल्या 'फेडनाऊ' या झटपट पेमेंट सेवेत सामील व्हायचं की नाही, हे बँकाच ठरवतात. युरो वापरणाऱ्या देशांत मात्र ऑक्टोबर २०२५ पासून बँकांना १० सेकंदांत पैसे पाठवण्याची सोय द्यावीच लागते.

कार्डाचंही तसंच. युरोपीय संघात ग्राहकाची बँक दुकानदाराकडून डेबिट कार्डावर ०.२ टक्के आणि क्रेडिट कार्डावर ०.३ टक्क्यांपेक्षा जास्त शुल्क घेऊ शकत नाही. अमेरिकेत क्रेडिट कार्डाला अशी मर्यादा नाही आणि शुल्क साधारण दोन टक्क्यांच्या घरात जातं. तिथल्या भरघोस कॅशबॅकचे पैसे बरेचसे इथूनच येतात. दुकानदार हा खर्च किमतीत मिळवतो, त्यामुळे रोख देणाऱ्या गरीब गिऱ्हाईकालाही त्याचा भार पडतो.

जाण्याआधी काय लक्षात ठेवायचं?

जर्मनीत खोली ठरवताना भाड्याआधी 'नोंदणीचं पत्र मिळेल का?' हे विचारा. अमेरिकेला एच-४ वर जाणाऱ्यांनी कोणती बँक सोशल सिक्युरिटी नंबरशिवाय खातं किंवा कार्ड देते, याची आधीच चौकशी करावी. आणि अमेरिकेतल्या फॉर्मवर तारीख लिहिताना आधी महिना, मग दिवस! आपली ३ एप्रिलची ०३/०४ ही तारीख तिथे ४ मार्च म्हणून वाचली जाते.