एका पाळीतली दोन टोकं

ग्रामीण रुग्णालयात परिचारिकेच्या एकाच रात्रपाळीत जन्म आणि मृत्यू दोन्ही घडू शकतात. इकडे नवजात बाळाच्या प्रकृतीचे अपगार गुण पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला नोंदवायचे, तिकडे मृताच्या नळ्या काढून, अंग पुसून देह नातेवाइकांच्या हवाली करायचा.

हसू आणि हुंदका, दोन्ही आवरायचे.

समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी १९८३ मध्ये हवाईसुंदरींच्या संदर्भात मांडलेले ‘भावनिक श्रम’ ते हेच.

लळा मात्र पाळीबरोबर संपत नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिकांनी आपली सहकारी अरुणा शानबाग हिची, १९७३ मध्ये तिच्यावर झालेल्या हल्ल्यानंतर, सुमारे ४२ वर्षं शुश्रूषा केली. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या दयामरणाची याचिका फेटाळली, तेव्हा त्यांनी मिठाई वाटली. २०१५ मध्ये ती गेली. तिच्यावरच्या हल्ल्यानंतर जन्मलेल्या परिचारिकाही त्या दिवशी रडल्या.