गारेगार कॉफी : घरी करा, पण मोजून!

मे महिना म्हणजे आम्हा डोंबिवलीकरांची परीक्षाच. लोकलमधून उतरलेला माणूस घामाने निथळत घरी येतो आणि चपला काढता काढताच फ्रिजकडे बघतो. पूर्वी तिथे कोकम सरबत किंवा पन्हे ठेवलेले असे. आता फडके रोड घ्या नाहीतर ठाण्याचा राम मारुती रोड, तरुण मंडळींच्या हातात फेसाळ कोल्ड कॉफीचा ग्लास दिसतो. तीच कॉफी घरच्या मिक्सरवर निम्म्याहून कमी खर्चात होते. त्यामुळे "डॉक्टर, घरची कोल्ड कॉफी चांगली ना?" हा प्रश्न हल्ली दवाखान्यात वारंवार येतो. उत्तर देण्याआधी माझीच एक चूक सांगतो.

माझी भाची सीईटीच्या तयारीसाठी मुरबाडहून आमच्याकडे राहायला आली. अभ्यासू पोर. जेवण कमी म्हणून दूध तरी पोटात जाईल, या विचाराने मीच तिला मिक्सरवर कोल्ड कॉफी करायला शिकवले. दोन महिन्यांत एका ग्लासाचे तीन ग्लास झाले. शेवटचा रात्री अकराला! "मामा, त्याशिवाय डोळे उघडत नाहीत," असे ती म्हणे, आणि मी कौतुकाने हसे. मग एके दिवशी ती जिना चढताना दम लागून मधल्या पायरीवरच बसली. हात थरथरत होते, छाती धडधडत होती. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन ९.४. बाईचे ते किमान १२ हवे. रोज शंभर माणसांच्या पापण्या ओढून पाहणाऱ्या मामाला घरातली फिकी पापणी दिसली नव्हती.

नेमके काय बिघडले?

केवळ कॉफीने रक्त कमी होत नाही, हे आधी स्पष्ट करतो. भाचीची पाळी जास्त जात होती आणि जेवण अर्धेच होते. त्यात ती जेवणाला लागूनच कॉफी घेई. पालेभाजी, कडधान्ये, नाचणी यांतले लोह मुळातच कमी शोषले जाते. कॉफीतली काही द्रव्ये त्याला बांधून ठेवतात आणि ते तसेच शरीराबाहेर जाते. म्हणूनच भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२४ च्या आहार मार्गदर्शनात जेवणाआधी व नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळा, असे सांगितले आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. तेव्हा हा प्रश्न एका भाचीचा नाही.

आता कॅफिनचा हिशेब पाहा. इन्स्टंट कॉफीच्या एका सपाट चहाच्या चमच्यात साधारण ६० मिलिग्रॅम कॅफिन असते. चिकोरी मिसळलेली असेल तर थोडे कमी. भाची ग्लासाला दोन चमचे घाली, म्हणजे दिवसाला सुमारे ३६० मिलिग्रॅम. धडधाकट मोठ्या माणसाची मर्यादा ४०० ची, गर्भवतीची २०० ची. शाळकरी वयात वजनाच्या प्रत्येक किलोमागे ३ मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये. शिवाय घेतलेल्या कॅफिनपैकी निम्मे पाच-सहा तासांनीही रक्तात असते. रात्री अकराची कॉफी पहाटेपर्यंत झोप लागू देत नाही, आणि सकाळी पुन्हा कॉफीच हवी होते. हे चक्र असे फिरत राहते.

तिसरी गोष्ट साखर. पदार्थ जितका थंड, तितकी त्याची गोडी जिभेला कमी कळते. म्हणून गरम कॉफीला एक चमचा पुरणारा माणूस थंड कॉफीत चार घालतो. चार चमचे म्हणजे २० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरची साखर दिवसभरात २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. त्यावर आइस्क्रीमचा गोळा आणि चॉकलेट सिरप आले, की ते पेय न राहता पक्वान्न होते. मधुमेहींनी हे लक्षात ठेवावे.

मग करायची कशी?

दोन ग्लासांसाठी दोन सपाट चमचे कॉफी चार चमचे कोमट पाण्यात विरघळवून गार करा. उकळून फ्रिजमध्ये थंड केलेले दोन कप दूध, दोन चमचे साखर आणि चार-पाच बर्फाचे तुकडे घ्या. बर्फ स्वच्छ फडक्यात गुंडाळून बत्त्याने जाडसर फोडा, म्हणजे मिक्सरच्या पात्याला त्रास होत नाही. भांडे निम्मेच भरा, झाकण हाताने दाबून धरा आणि अर्धा मिनिट फिरवा. दूध थंडगार असेल तर फेस छान धरतो. गरम दूध मात्र बंद भांड्यात कधीही फिरवू नका. वाफेने झाकण उडून हात भाजतो. आइस्क्रीमऐवजी फ्रीझरमध्ये ठेवलेले अर्धे केळे घाला. दाटपणा येतो आणि साखर एका चमच्यावर भागते. थोडी कॉफी बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवली तर कॉफी पाणचट होत नाही.

बर्फ मात्र उकळून गार केलेल्या पाण्याचाच हवा. गोठवल्याने कावीळ किंवा टायफॉइडचे जंतू मरत नाहीत. बाजारातली लादी तर नकोच. ती बहुधा मासे आणि माल थंड ठेवण्यासाठी बनवलेली असते. म्हणूनच २०१८ मध्ये महाराष्ट्रात अखाद्य बर्फात निळा रंग मिसळणे बंधनकारक झाले.

भाचीची कॉफी आम्ही एकदम तोडली नाही. तसे केले असते तर डोके दुखले असते. दर चार दिवसांनी एकेक ग्लास कमी केला. लोहाच्या गोळ्या लिंबूपाण्याबरोबर दिल्या, दूध-कॉफीपासून लांब. पाळीचीही तपासणी करून घेतली. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.८ झाले. आता तिची कॉफी दुपारी चारला, एकच ग्लास. तो ती स्वतः करते आणि माझ्यासाठीही अर्धा ओतते.

तेव्हा वाचकहो, कोल्ड कॉफी जरूर प्या. फक्त चमचा सपाट ठेवा, घड्याळ बघा आणि जेवणाचे ताट तिच्यासाठी बाजूला सारू नका. आणि हो, घरातल्या मुलीची पापणी आज एकदा खाली ओढून पाहा.