शंभर वर्षांची भागीदारी नऊ दिवसांत कशी फुटली?

अमेरिकेतील कॉलेज फुटबॉल, टेलिव्हिजनचे हक्क आणि व्यापाऱ्यांनी घ्यायचा धडा

एकीत बरकत असते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. दहा दुकानदार मिळून माल विकायला बसले तर भाव टिकतो. एकेकाने गिऱ्हाइकाच्या कानात वेगळा भाव सांगायला सुरुवात केली की सगळ्यांचाच भाव पडतो. पण ही एकी कोणत्या अटींवर बांधली आहे, हिस्सा कसा ठरतो आणि एखादा भागीदार उठून गेला तर मागे राहणाऱ्यांचे काय, हे प्रश्न चांगले दिवस असेपर्यंत कोणी विचारत नाही. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील बारा विद्यापीठांनीही ते वेळेवर विचारले नाहीत. त्याचा परिणाम २०२३ च्या उन्हाळ्यात दिसला.

आपल्याकडे कॉलेजचे सामने पाहायला मित्रमंडळींपलीकडे फारसे कोणी जात नाही. अमेरिकेत मात्र तो अब्जावधींचा धंदा आहे. तिथला फुटबॉल म्हणजे चेंडू हातात घेऊन पळण्याचा आणि फेकण्याचा खेळ. शरद ऋतूतील शनिवार हा कॉलेज सामन्यांचा दिवस. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात एका वेळी लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात. घरी टी.व्ही.समोर बसणारे त्याच्या कितीतरी पट. सामना चालू असताना लोक चॅनेल बदलत नाहीत, म्हणून जाहिरातदार पैसे मोजतात. जाहिरातदार पैसे मोजतात म्हणून टी.व्ही. कंपन्या विद्यापीठांना पैसे देतात. ही विद्यापीठे एकेकटी सौदा करत नाहीत. ती 'कॉन्फरन्स' नावाच्या संघटनांमध्ये बांधलेली असतात आणि संघटना सर्वांच्या वतीने हक्क विकते. थोडक्यात, कॉन्फरन्स ही आडत्याची पेढी. माल विद्यापीठाचा, सौदा पेढीचा आणि आलेली रक्कम हिश्श्याप्रमाणे वाटायची.

एका विक्रेत्याचा काळ

पूर्वी सगळा कारभार एकाच हातात होता. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपासून कॉलेज खेळांची राष्ट्रीय संस्था एनसीएए हीच टी.व्ही.चे हक्क विकत असे. टी.व्ही.वर सामना दिसला तर मैदानावर कोणी येणार नाही, ही तेव्हाची भीती. म्हणून किती सामने दाखवायचे आणि कोणाचे दाखवायचे, यावर कडक बंधन होते. १९८२ पासूनच्या चार वर्षांसाठी एबीसी आणि सीबीएस या दोन कंपन्यांनी प्रत्येकी सुमारे १३ कोटी १७ लाख डॉलर्स देण्याचे कबूल केले होते. दोन वर्षांत कोणताही संघ सहापेक्षा जास्त वेळा पडद्यावर येणार नाही, अशी अट होती.

मोठ्या विद्यापीठांना हे टोचत होते. १९८१ मधील एका आठवड्याचे उदाहरण पुढे कोर्टात गाजले. ओक्लाहोमा आणि यूएससी यांचा सामना दोनशेहून अधिक केंद्रांवरून दिसला. त्याच आठवड्यात सिटाडेल आणि अॅपलेशियन स्टेट यांचा सामना अवघ्या चार केंद्रांवरून दिसला. चारही संघांना रक्कम मात्र सारखीच मिळाली. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या विद्यापीठांनी दावा लावला. १९८४ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सात विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला की एनसीएएची ही पद्धत मक्तेदारीविरोधी कायद्यात बसत नाही. विद्यापीठे आपला माल आपण विकायला मोकळी झाली.

पुढे काय झाले हे प्रत्येक व्यापाऱ्याने लक्षात ठेवावे. बाजार खुला झाला, सामन्यांचा पुरवठा एकदम वाढला आणि पहिल्याच वर्षी भाव कोसळले. ज्यांनी दावा जिंकला त्यांनाही सुरुवातीला कमीच हाती लागले. भाव सावरायला काही वर्षे गेली आणि तो सावरला तो मुख्यतः नामांकित मालाचा. १९९१ पासून नोत्र दाम विद्यापीठाने एनबीसी कंपनीशी स्वतंत्र करार केला. ज्याचे नाव खपते त्याला पेढीची गरज नाही, हा संदेश सगळीकडे पोचला.

मग भरती आणि फाटाफूट सुरू झाली. आग्नेयेकडील एसईसी या संघटनेने अर्कान्सा आणि साउथ कॅरोलिना यांना घेऊन बारा सदस्य केले आणि १९९२ पासून स्वतःचा अंतिम सामना सुरू केला. १९१४ मध्ये स्थापन झालेली साउथवेस्ट कॉन्फरन्स १९९६ मध्ये बंद पडली. तिच्यातील चार टेक्सासी विद्यापीठे बिग एट संघटनेशी मिळाली आणि त्यातून बिग १२ जन्मली. जी चार मागे राहिली त्यांत एसएमयू हे विद्यापीठ होते. हे नाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

पश्चिमेची पेढी

पॅसिफिक किनाऱ्यावरची संघटना आपले मूळ १९१५ सालच्या पोर्टलंड शहरातील बैठकीत सांगते. त्या बैठकीत चार विद्यापीठे होती: कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ओरेगन आणि आजची ओरेगन स्टेट. सदस्य वाढत वाढत २०११ मध्ये बारा झाले आणि नाव पडले पॅक-१२. त्याच वर्षी ईएसपीएन आणि फॉक्स यांच्याशी बारा वर्षांचा सुमारे ३०० कोटी डॉलर्सचा करार झाला. त्या वेळी तो करार देशात उत्तम समजला गेला.

याच भरभराटीत पहिली खोट शिरली. २०१२ मध्ये पॅक-१२ ने स्वतःचे टी.व्ही. नेटवर्क काढले. एक राष्ट्रीय आणि सहा प्रादेशिक अशी सात चॅनेल्स, आणि मालकी शंभर टक्के स्वतःची. बिग टेन या संघटनेनेही २००७ मध्ये नेटवर्क काढले होते, पण फॉक्सला भागीदार करून. एसईसीने २०१४ मध्ये काढले ते ईएसपीएनला सोबत घेऊन. चॅनेल घरोघरी पोचवायचे तर केबल आणि डिश कंपन्यांकडे वजन असावे लागते. ते वजन पॅक-१२ कडे नव्हते. डायरेक्ट टीव्ही या मोठ्या डिश कंपनीशी त्यांचे शेवटपर्यंत जमले नाही. दुकान पूर्ण आपले, पण ते भर बाजारपेठेत नाही. अशा दुकानाच्या शंभर टक्क्यांपेक्षा चालत्या दुकानाचा निम्मा हिस्सा बरा, हा हिशोब त्यांना फार महागात पडला.

दुसरी चूक २०२१ ची. त्या जुलैमध्ये टेक्सास आणि ओक्लाहोमा यांनी बिग १२ सोडून एसईसीत जाण्याचे ठरवले. बिग १२ कमजोर पडली होती. पॅक-१२ ने मात्र ऑगस्टमध्ये जाहीर केले की आम्हाला विस्तार करायचा नाही. शेजाऱ्याची पेढी अडचणीत असताना त्याचे चांगले कारागीर घेण्याची संधी गेली. बिग १२ ने चार नवे सदस्य शोधले आणि ती सावरली.

तिसरा घाव ३० जून २०२२ रोजी बसला. लॉस एंजेलिसची दोन्ही मोठी विद्यापीठे, यूएससी आणि यूसीएलए, यांनी २०२४ पासून बिग टेनमध्ये जाण्याचे जाहीर केले. लॉस एंजेलिस ही अमेरिकेतील दुसऱ्या क्रमांकाची टी.व्ही. बाजारपेठ. दीड महिन्यात बिग टेनने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी यांच्याशी सात वर्षांचा ७०० कोटी डॉलर्सहून मोठा करार केला.

गिऱ्हाइकाचा खिसा आणि सौद्याची वेळ

आता खरी गंमत पाहा. पॅक-१२ चा करार २०२४ मध्ये संपणार होता आणि बिग १२ चा त्यानंतर एक वर्षाने. म्हणजे बाजारात आधी उभे राहण्याचा हक्क पॅक-१२ चा. पण बिग १२ ने ऑक्टोबर २०२२ मध्येच ईएसपीएन आणि फॉक्स यांच्याशी सहा वर्षांचा २२८ कोटी डॉलर्सचा सौदा करून टाकला. प्रत्येक विद्यापीठाला वर्षाला सरासरी ३ कोटी १७ लाख डॉलर्स. हा भाव सर्वांत उंच नव्हता. पण पैसा नक्की होता आणि माल दिसेल अशा मांडणीवर ठेवला जाणार होता.

त्याच सुमारास पॅक-१२ लाही जवळपास ३ कोटींचा भाव आला होता आणि काहींनी ५ कोटींची मागणी धरली, असे अमेरिकी वृत्तपत्रांनी नंतर छापले. महिने गेले. जुलै २०२३ मध्येही संघटनेचे प्रमुख जाहीरपणे सांगत होते की जितका उशीर होतो आहे तितके पर्याय सुधारत आहेत. पण मोठ्या गिऱ्हाइकांचे खिसे तोवर रिकामे झाले होते. अखेरीस अॅपल कंपनीचा प्रस्ताव आला. वृत्तांनुसार प्रत्येकी सुमारे २ कोटी ३० लाख डॉलर्स, आणि वर्गणीदार वाढले तर अधिक. म्हणजे थोडी रोकड आणि बाकी उधारीवरची उमेद.

२७ जुलैला कोलोरॅडोने बिग १२ ची वाट धरली. ४ ऑगस्टला एकाच दिवशी ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनकडे, तर अॅरिझोना, अॅरिझोना स्टेट आणि युटा बिग १२ कडे गेले. नऊ दिवसांत सहा भागीदार उठून गेले. १ सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया यांना अटलांटिक किनाऱ्याच्या एसीसी संघटनेने घेतले, तेही पहिली सात वर्षे टी.व्ही.च्या रकमेतील फक्त ३० टक्के हिश्श्यावर. त्यांच्याबरोबर आत आले ते १९९६ मध्ये मागे पडलेले एसएमयू. त्याने नऊ वर्षे टी.व्ही.चा एक पैसा घेणार नाही, असे लिहून दिले. सत्तावीस वर्षांपूर्वी पंगतीतून उठवलेल्याला पुन्हा पाटावर बसण्यासाठी ही किंमत मोजावी लागली.

मागे राहिलेले

पॅक-१२ मध्ये उरले दोघे: ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. पहिले तर १९१५ च्या बैठकीतले मूळ सदस्य. दोन्ही सरकारी विद्यापीठे, दोन्ही छोट्या गावांत. त्यांच्या मालात खोट नव्हती. त्यांच्या गावात टी.व्ही. संचांची संख्या कमी होती, एवढाच त्यांचा दोष. त्यांनी कोर्टात जाऊन मागणी केली की जे जात आहेत त्यांना पेढीच्या तिजोरीवर हक्क नसावा. कोर्टाने कारभार या दोघांकडे दिला आणि डिसेंबर २०२३ मध्ये वॉशिंग्टन राज्याच्या सुप्रीम कोर्टानेही त्यात हात घातला नाही. नाव, येणी आणि देणी या दोघांच्या हाती आली. पुढे नवे सदस्य जोडून जुलै २०२६ पासून संघटना पुन्हा उभी करण्याचे करार त्यांनी केले. पण यूएससी आणि स्टॅनफर्डच्या जोडीने मिळणारा भाव आता पुन्हा मिळणे कठीण.

या व्यवहारात मैदानावर घाम गाळणाऱ्या मुलांना कोणी विचारले नाही. लॉस एंजेलिसचा संघ आता न्यू जर्सीच्या रटगर्स विद्यापीठाशी एकाच संघटनेत खेळतो. अंतर अडीच हजार मैलांच्या आसपास. फुटबॉलचा संघ वर्षातून थोडेच प्रवास करतो. पण व्हॉलीबॉल आणि सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलींना आठवड्याच्या मधल्या दिवशीही विमाने पकडावी लागतात आणि परत येऊन परीक्षेला बसावे लागते. सौदा फुटबॉलचा, हमाली साऱ्यांची. खेळाडूंचा हिस्सा कोर्टामुळेच मान्य झाला. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने एनसीएएविरुद्ध निकाल दिला. जून २०२५ मध्ये दुसऱ्या दाव्यातील तडजोड मंजूर झाली. तिच्यानुसार पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यापीठ आपल्या खेळाडूंना एकूण २ कोटी ५ लाख डॉलर्सपर्यंत थेट देऊ शकते. जुन्या खेळाडूंसाठी दहा वर्षांत सुमारे २८० कोटी डॉलर्स द्यायचे ठरले.

आपण काय घ्यावे?

हा विषय आपल्यापासून दूर नाही. मुंबईत कार्यालय असलेल्या क्रिकेट बोर्डाने २०२२ मध्ये आयपीएलचे पाच वर्षांचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले. विक्रेता एक होता आणि बोली लावणारे अनेक, म्हणून हा आकडा गाठला गेला. टी.व्ही.चे हक्क एकाने घेतले, मोबाईलवर दाखवण्याचे दुसऱ्याने. २०२४ च्या अखेरीस हे दोन्ही खरेदीदार एकाच कंपनीत विलीन झाले. दोन गिऱ्हाईक असताना मिळालेला भाव एकच गिऱ्हाईक उरल्यावर मिळेल का, हा हिशोब पुढच्या लिलावात कळेल.

व्यापारी मंडळे, सहकारी सोसायट्या आणि भागीतल्या पेढ्या चालवणाऱ्यांनी चार गोष्टी पाहाव्यात. बाजारात दोन-तीनच मोठे गिऱ्हाईक असतील तर आधी विकणाऱ्याचा फायदा, कारण त्यांचा खिसा एकदाच भरलेला असतो. हातातला नक्की भाव सोडून मनातल्या भावाची वाट पाहायची असेल, तर तोवर भागीदार थांबतील याची लेखी खात्री हवी. एसीसीच्या सदस्यांनी आपले हक्क २०३६ पर्यंत संघटनेला लिहून दिले होते. म्हणून दोन बड्या सदस्यांनी दावे लावूनही ती संघटना टिकली. मार्च २०२५ मध्ये तडजोड झाली आणि ज्याचे सामने जास्त पाहिले जातात त्याला जास्त हिस्सा, असा नवा वाटा ठरला. म्हणजे हिश्श्याचा हिशोब वेळोवेळी नव्याने मांडावा लागतो. जास्त खपणाऱ्याला कायम समान वाटा दिला तर तो दुसऱ्याच्या दारात उभा राहतो. आणि शेवटचे, सर्वांत लहान भागीदाराचे काय होणार, हे पेढी उघडतानाच कागदावर उतरवावे. ओरेगन स्टेटला आपला हक्क कोर्टात जाऊन मिळवावा लागला. आपल्याकडील किती लहान भागीदारांना कोर्टाचा तो खर्च झेपेल?