'होमबाउंड'मधला शोएब

हिंदी सिनेमात मुसलमान पात्र आले की आमच्या घरांतून पहिला प्रश्न ठरलेला: हा अतिरेकी की सुलतान? 'पद्मावत'मधल्या खिलजीसाठी रणवीर सिंगला फिल्मफेअरचा समीक्षक पुरस्कार मिळाला. 'छावा'तला औरंगजेब अक्षय खन्नाने आवाज न चढवता उभा केला, त्याचेही भरभरून कौतुक झाले. दोघे कसलेले नट, वाद नाही. पण हाडे चघळणारा, डोळे वटारणारा बादशहा साकारणे सोपे की शेजारच्या घरातला नोकरी शोधणारा पोरगा, हे फारसे कोणी विचारले नाही.

असा पोरगा २६ सप्टेंबर २०२५ रोजी पडद्यावर आला. नीरज घेवान यांच्या 'होमबाउंड'मधला मोहम्मद शोएब अली, म्हणजे ईशान खट्टर. शोएब आणि त्याचा दलित मित्र चंदन (विशाल जेठवा) पोलीस भरतीची परीक्षा देतात. पुढे दोघे सुरतेच्या कापड गिरणीत पोहोचतात आणि तिथे लॉकडाउन लागतो. मूळ घटना खरी आहे. २०२० मध्ये पत्रकार बशारत पीर यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये ती लिहिली होती.

वसई-विरारच्या वाचकाला हे परके वाटायला नको. मे २०२० मध्ये वालीव-गोखिवऱ्याच्या गाळ्यांत राबणारे हजारो मजूर श्रमिक गाड्यांसाठी सनसिटीच्या मैदानावर उन्हात ताटकळत होते. ज्यांनी त्यांना पाण्याच्या बाटल्या दिल्या, त्यांनी हा सिनेमा जरूर पाहावा.

ईशानच्या कामातली आम्हाला आवडलेली जागा रस्त्यावरच्या शेवटाची नाही. तिथे रडू कोणालाही येईल. शोएब एका कंपनीत शिपाई असतो आणि एक कर्मचारी त्याला आपली पाण्याची बाटली भरू देत नाही. पुढे साहेबांच्या पार्टीत भारत-पाकिस्तान सामन्यावरून टोमणे सुरू होतात. शोएब आधी हसण्यात सामील व्हायला बघतो, मग ते हसू चेहऱ्यावर नुसते टांगलेले राहते. आपल्यातल्या किती मुलांनी ऑफिसात हे हसू हसले असेल! मोठे भाषण जे सांगू शकले नसते, ते ईशानने तेवढ्यात सांगितले. जेठवाही तोलामोलाचा आहे. सर्वसाधारण गटातून अर्ज भरून जात लपवणाऱ्या चंदनची मान तो कायम थोडी खाली ठेवतो.

उणिवा आहेत. जान्हवी कपूरच्या सुधाला लेखकांनी फार थोडी जागा दिली. काही संवाद वर्तमानपत्रातल्या अग्रलेखासारखे वाटतात. शोएबही जरा जास्तच भला आहे, त्याचा एखादा हट्ट, एखादी चूक दिसायला हवी होती. 'सैराट'मधला सल्या आठवा. अरबाज शेखने केलेला तो सलीम मित्रासाठी जिवावर उदार होतो, पण टवाळखोरही आहे आणि त्याच्या मुसलमान असण्याचा कोणी सोहळा केलेला नाही. २०१६ मध्ये मराठी सिनेमाला हे सहज जमले होते.

सिनेमा नेटफ्लिक्सवर आहे. शेवट जड आहे, लहान मुलांना झोपवून मगच लावा. कॉलेजातल्या मुलांना मात्र सोबत बसवा.